कोपर छताकडे

माझे वडील अमरावतीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. शाळेतली मुलं त्यांच्या शिट्टीला घाबरत आणि मी त्यांच्या हाकेला. बहिणीच्या पाठचा त्यांचा एकुलता एक मुलगा मी, पण माझा ओढा मैदानाकडे कधीच नव्हता. जुना रेडिओ मिळाला की तो उघडून त्याचे सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडायचे, यात माझा रविवार जाई. बाबा दारात उभे राहून थोडा वेळ बघत आणि निघून जात. एकदा आईला म्हणाले होते, "पोरगं हुशार आहे, पण दंडात जीव नाही त्याच्या." आई गेली तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यानंतर बाबा आणि मी पत्रं लिहायचो, तीही कामापुरतीच.

शिकून मी उपकरणं तयार करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत लागलो आणि चंदीगडला आलो. सेक्टर तीसमध्ये प्रयोगशाळा, जवळच क्वार्टर. लग्न झालं, मुलगी झाली. बायको एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. जानेवारीतल्या एका सकाळी मी स्कूटरवरून दूध आणायला निघालो. धुकं इतकं होतं की चौकातलं वाहतूक बेट दिसत नव्हतं. समोरून दिवे न लावता आलेला ट्रक मला दिसला नाही आणि मी त्या ड्रायव्हरला दिसलो नाही. एवढंच मला आठवतं. जाग आली तेव्हा मी मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात उताणा होतो आणि कमरेखाली कुणीतरी दुसरंच झोपलंय असं वाटत होतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना इंग्रजीतून सांगितलं. पाठीचा मणका मोडला होता, आतला मज्जारज्जू चिरडला होता. पाय परत येणार नव्हते. हात शाबूत होते, त्यांच्यावरच पुढचं सगळं उभं करावं लागेल असं ते म्हणाले. बायकोने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली आणि विचारलं, "नक्की?" डॉक्टर म्हणाले, "नक्की." मग तिने पिशवी उचलून त्यातला थर्मास माझ्या कपाटात ठेवला. ती रडली नाही. मीही नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या सरदारजींनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं, त्यांना इंग्रजी कळत असावं.

बाबा तेव्हा निवृत्त झाले होते; तार मिळताच ते आले. दोन गाड्या बदलून, अंगात एकच स्वेटर, होल्डॉलमध्ये तिळाच्या तेलाची बाटली. त्यांनी वॉर्डात शिरल्याबरोबर माझ्या पायांवरचं पांघरूण काढलं आणि दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या.

"जाणवते का काही?"

"नाही."

"जाणवन," ते म्हणाले. "सूज उतरली की जाणवन."

त्यांनी बायकोला बाहेर नेऊन विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "वेळ लागेल, बाबा." खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. ते एवढ्या थंडीत प्रवास करून आले होते, तिने त्यांना अजून चहासुद्धा दिला नव्हता. नंतर सांगू असं आम्ही दोघांनी ठरवलं. वेळ लागेल, याचा बाबांनी त्यांच्या परीने अर्थ लावला. जी गोष्ट वेळ घेते ती शेवटी होते, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

घरी आणलं तेव्हा पुढच्या खोलीत खिडकीजवळ माझ्यासाठी लाकडी तख्त घातलेलं होतं. आठवड्यातून एकदोनदा मला हॉस्पिटलच्या फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये न्यायचं, बाकीचे दिवस व्यायाम घरी. शेजारी राहणारे सरदारजी आपल्या जुन्या गाडीतून आम्हाला पोचवत. हॉस्पिटलातल्या सरदारजींपेक्षा हे वेगळे, आमच्याच प्रयोगशाळेत कामाला होते. बाबा आणि ते मिळून मला उचलत. मी दोघांच्या गळ्यात हात टाकून लोंबकळे. माझे हात तेव्हा एवढे पातळ होते की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आला होता.

फिजिओथेरपिस्ट अंबाल्याकडची होती. वय पंचविशीच्या आतबाहेर, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या कोटाच्या बाह्या दुमडलेल्या. पहिल्याच दिवशी तिने माझा दंड पुढून न बघता मागून चाचपला. आम्ही शाळेत एकमेकांना बेटकुळी काढून दाखवायचो, ती पुढं असते. दंडाच्या मागच्या बाजूला कुणी बघत नाही. तिने तिथंच बोट ठेवलं.

"यह है आपके काम की चीज़," ती म्हणाली. "ट्रायसेप्स. कोहनी यही सीधी करता है. उठना, सरकना, कुर्सी पर जाना, सब इसी से होगा."

मग तिने व्यायाम दाखवला. उताणं झोपायचं. हात सरळ वर, छताकडे. दंड खांबासारखा उभा ठेवायचा आणि फक्त कोपरापासून पुढचा भाग वाकवायचा, सावकाश, मूठ कानाशेजारी येईपर्यंत. मग श्वास सोडत हात पुन्हा सरळ. वर नेताना झटका द्यायचा नाही आणि शेवटी कोपर खटकन अडकवायचं नाही. खाली आणताना तर आणखी हळू, कारण हात नुसता सोडून दिला तर स्नायूला काही कामच उरत नाही. कोपर बाहेर फाकता कामा नये. खांदा तख्तावरून उठता कामा नये. "कोहनी छत की तरफ," कोपर छताकडे, हे ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

ऐकायला पोरखेळ वाटतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा हातात काहीही नव्हतं, तरी हात थरथरला आणि मूठ माझ्याच नाकावर पडली. बाबा पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांत माझा दंड कोपराच्या जरा खाली धरला.

"ऐसे?" त्यांनी विचारलं.

"बिल्कुल ऐसे, बाबूजी. आप पकड़िए, पर मदद मत कीजिए. सिर्फ़ हिलने मत दीजिए."

माझा हात बाबांनी असा हातात धरला होता तो बहुधा मी चालायला शिकलो तेव्हा. त्यांचे तळवे खरखरीत होते. मी छताकडे बघत राहिलो.

तेव्हापासून आमची सकाळ ठरून गेली. बायको मुलीला घेऊन शाळेत जायची. बाबा आधी माझ्या पायांना तेल लावत, टाचेपासून मांडीपर्यंत, दर वेळी विचारत, "जाणवते का काही?" आणि मी नाही म्हणे. मग हात पुसून ते तख्ताच्या डोक्याकडे स्टूल घेऊन बसत आणि माझा दंड धरत. बायकोने माझ्या जुन्या पॅन्टच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या होत्या, त्यांत शेजारच्या बांधकामावरची वाळू भरली होती. सुरुवातीला अगदी छोटी पिशवी. बाबा ड्रिलच्या आवाजात मोजत. एक, दोन, तीन. बाहेरून जाणारे लोक खिडकीतून आत बघत.

त्यांना ते हळू वाटायचं. आयुष्यभर त्यांनी शेकड्यांनी दंड काढले होते आणि मुलांकडून काढून घेतले होते. घाम निघेपर्यंत केलं नाही तर व्यायाम कसला, असं त्यांना वाटे. एके दिवशी त्यांनी पिशवीत आणखी वाळू घातली. मला कळलं, पण मीही बोललो नाही. मलाही घाईच झाली होती. हात वर जायचा, पण कोपर बाहेर पळायचं, खांदा उचलला जायचा आणि पाठीला बाक यायचा. चार दिवसांनी हॉलमध्ये गेलो तेव्हा खांदा इतका दुखत होता की मला शर्ट काढता येईना.

"वज़न किसने बढ़ाया?" तिने विचारलं.

"मैंने," बाबा म्हणाले. ते ताठ उभे होते.

ती चिडली नाही. शेजारची चटई दाखवून म्हणाली, "बाबूजी, आप लेटिए ज़रा."

बाबा धोतर सावरून चटईवर उताणे झाले. तिने हलकंसं वजन त्यांच्या हातात दिलं आणि कोपर छताकडे धरायला सांगितलं. बाबांनी भराभर हात वर-खाली केला. "ना जी. धीरे. कोहनी भाग रही है." त्यांनी पुन्हा केला. त्यांचंही कोपर बाहेर जात होतं. तिने एका बोटाने ते परत आणलं आणि हळूहळू मोजायला लागली. थोड्या वेळाने बाबांचा चेहरा बदलला. डाव्या हाताने त्यांनी उजव्या दंडाची मागची बाजू चाचपली.

"इथं लागते," ते मला मराठीत म्हणाले. "बराबर इथं."

गाडीत परत येताना ते म्हणाले, "पोरीचं खरं आहे. कमी करू, पण नीट करू." घरी आल्यावर त्यांनी स्वतः पिशवी उसवून वाळू काढली आणि पुन्हा टाके घातले. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, तेवढं मुलीने करून दिलं. ती त्यांना म्हणाली, "दादाजी, आपको चश्मा चाहिए." ते म्हणाले, "आबा म्हण मले, दादाजी नाही." ती म्हणाली, "ठीक है, आबा."

उन्हाळा गेला, पावसाळा आला. आमच्या बोलण्यात फारसा फरक पडला नाही, पण दिवसभर एका खोलीत राहून माणसं जेवढी जवळ येतात तेवढे आम्ही आलो. त्यांनी मला त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. मी त्यांना आमच्या प्रयोगशाळेत काच किती बारीक घासतात ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "हातानं?" मी म्हटलं, "मशीननं, पण शेवटी हातच लागतो." त्यांना ते आवडलं. पिशवी एकेक मूठ वाळूने वाढत गेली. कोपर आता पळत नव्हतं. बाबा नुसती बोटं टेकवून बसत, धरायची गरज उरली नव्हती. दंडाच्या मागे एक घट्ट दोर तयार झाला होता. बाबा तो चिमटीत धरून बघत आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे येई ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. शाळेत मला बक्षिसं मिळाली तेव्हाही नाही.

ऑगस्टमध्ये एकदा हॉलमध्ये तिने माझी ताकद तपासली. माझ्या मनगटावर हात ठेवून ती दाबायची आणि मी कोपर सरळ करायचं. तिला मी हलवू शकलो. ती हसली. "बहुत अच्छे."

बाबा बाजूला उभे होते. ते म्हणाले, "तो अब पैर का कब चालू करेंगे, मॅडम?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बघितलं. बाबांना सांगितलेलं नाही, हे तिला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असणार असंच ती धरून चालली होती. इतके महिने ते तिच्यासमोर उभे होते, पायांचं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हातांचं आधी होऊ दे, मग पाय, असा त्यांचा हिशेब होता.

"बाबूजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हाथ इसीलिए तो बना रहे हैं. पैरों का काम अब हाथ ही करेंगे."

"अभी?"

"हमेशा."

हॉलमध्ये इतर पेशंट होते. एक म्हातारी समांतर दांड्यांना धरून पाऊल टाकत होती आणि तिचा मुलगा पुढे उभा राहून तिला बोलावत होता. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या अंगाखालची चादर, मी अजून तिच्यावर असतानाच, एका बाजूने घडी घालायला सुरुवात केली. "अच्छा," ते म्हणाले. "अच्छा."

गाडीत सरदारजी पावसाबद्दल काहीतरी बोलत होते. घरी मला तख्तावर ठेवल्यावर बाबांनी सरदारजींना दारापर्यंत पोचवलं, दार लावलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"हॉस्पिटलात होतो तेव्हापासून."

"सूनबाईले?"

"तिलाही."

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता.

"मंग मलेच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही इतक्या उमेदीनं करत होता. आम्हाला वाटलं, कळलं तर..."

"कळलं असतं तं सोडून दिला असता का मी तुया हात?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, नळ नीट बंद केला आणि छत्री घेऊन बाहेर गेले.

बायको शाळेतून आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती माझ्याजवळ बसून राहिली, तिच्या खांद्यावर पर्स तशीच होती. त्या दिवशी ती रडली. जानेवारीपासून साठलेलं सगळं त्या दुपारी बाहेर आलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, "मम्मी, क्या हुआ? आबा कहाँ हैं?"

आबा अंधार पडायच्या आत परत आले. चपला चिखलाने भरल्या होत्या. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणाले, "तलावाकडे." आमच्या घरापासून तलाव काही जवळ नव्हता. पुढचे काही दिवस ते सकाळी उठून तसेच निघून जात. बायको शाळेत जाण्याआधी घाईघाईत माझा दंड धरायची. तिला बिचारीला जमत नसे, तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. मी तिला म्हणायचो, राहू दे. ती म्हणायची, गप्प बसा आणि कोपर वर ठेवा.

मग एका सकाळी तेलाची बाटली घेऊन बाबा आत आले. त्यांनी नेहमीसारखं पायांवरचं पांघरूण काढलं आणि तेल लावायला लागले, टाचेपासून मांडीपर्यंत. कातडी चांगली राहिली पाहिजे, जखमा होता कामा नयेत, म्हणून ते करायला थेरपिस्टनेही सांगितलंच होतं. सगळं तसंच होतं. फक्त "जाणवते का काही" हा प्रश्न आला नाही. मी त्याची वाट बघत होतो. तो त्यानंतर कधीच आला नाही, आणि मला आजही वाटतं की पाय गेल्याचं मला खऱ्या अर्थाने त्या सकाळी कळलं.

तेल लावून झाल्यावर ते स्टूल घेऊन माझ्या डोक्याशी बसले. "चाल," म्हणाले. आता ते मोठ्याने मोजत नव्हते.

त्यानंतरचं काम वेगळं होतं. आता बसून करायचं होतं. दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवायचे, हात कमरेजवळ, त्यांच्यावर तळवे रोवायचे, खांदे खाली दाबायचे आणि कोपरं सरळ करत अख्खं धड उचलायचं. बुड तख्तावरून सुटलं पाहिजे. पाय मेलेल्या ओझ्यासारखे खाली ओढतात. तोल गेला की माणूस पिशवीसारखा एका बाजूला कलंडतो. ठोकळे आमच्या प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधून बनवून आले. बाबांनी त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. मी कलंडलो की ते मला धरत. पण ते मागे बसायचे, पुढे नाही. मला वाटतं, माझा चेहरा त्यांना बघवत नसावा किंवा त्यांचा मला दाखवायचा नसावा.

दिवाळीच्या सुमारास मी तख्तावरून चाकांच्या खुर्चीत कुणाच्याही मदतीशिवाय गेलो. खुर्ची तख्ताला लावली, एक हात खुर्चीच्या कडेवर, दुसरा ठोकळ्यावर, आणि उचललं. मधल्या फटीवरून जाताना क्षणभर वाटलं की पडतो. मग खाली गादी लागली. पाय अजून तख्तावर तसेच पडून होते, ते मी एकेक करून हाताने उचलून पायठेवणीवर ठेवले. मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "पापा तो कूद गए!" बायको हसत होती आणि डोळे पुसत होती. बाबा खिडकीजवळ होते. त्यांनी मान डोलावली. बाकीच्यांना ती जिंकल्याची वेळ वाटली. बाबांच्या दृष्टीने मी आता आयुष्यभर त्या खुर्चीत बसलो होतो.

पुढच्या वसंतात मी कामावर रुजू झालो. प्रयोगशाळेत माझ्यासाठी पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार करून दिला होता. मार्चअखेर बाबा म्हणाले, "मी जातो आता." बायकोने राहायचा आग्रह केला. मुलगी त्यांच्या होल्डॉलवर जाऊन बसली. ते म्हणाले, "घर बंद आहे सव्वा वर्षापासून. वाळवी लागन." निघताना मी वाकून त्यांच्या पाया पडू शकत नव्हतो. मी खुर्चीतून हात पुढे केला, तो त्यांच्या गुडघ्याशी पोचला. त्यांनी माझा दंड धरला, मागच्या बाजूने, आणि जरा दाबला. स्टेशनवर बायको त्यांच्याबरोबर गेली, सरदारजींच्या गाडीत मला घेऊन जाण्यात वेळ गेला असता.

त्यानंतर एकच वर्ष ते होते. मे महिन्यात अमरावतीलाच दिलेल्या बहिणीची तार आली. सकाळी अंगणात खुर्चीवर बसले होते, बहीण पाणी घेऊन गेली तोवर संपलं होतं.

तार वाचून बायकोने ताबडतोब ट्रंक काढली. मी म्हटलं, आपण पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल. ती म्हणाली, "असू दे." दिल्लीला गाडी बदलताना हमालांनी मला खुर्चीसकट उचललं. डब्याची पायरी आणि फलाट यांच्यामधलं अंतर कुठल्याही दंडाने पार होण्यासारखं नव्हतं. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा अंग भाजत होतं. घरी पोचलो, तर चुलत भावाने अग्नी दिला होता. तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, जणू त्याने माझं काही घेतलं होतं. मी त्याला जवळ घेतलं.

आमच्या घराला जोतं उंच. चार जणांनी मला वर नेलं. नातेवाईक येत, आधी रडत आणि मग माझ्या पायांकडे बघत. बाबांचे जुने विद्यार्थी आले, टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ. त्यांतला एक जण बोलता बोलता म्हणाला की सर चंदीगडहून परतल्यावर मैदानावर आलेच नाहीत. निवृत्तीनंतरही ते रोज पहाटे तिथं येऊन मुलांबरोबर दंड काढायचे, सूर्यनमस्कार घालायचे. परत आल्यावर सगळं बंद. त्याने दोनतीनदा बोलावलं, तर म्हणाले, बघू.

रात्री जेवणं आटपल्यावर मी बहिणीला विचारलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "मी विचारलं होतं एकदा. तब्येत बरी नाही का म्हटलं. म्हणाले, तब्येत चांगली आहे. मन होत नाही आता."

"आणखी काही?"

"नाही. त्यांना फार बोलायची सवय कुठं होती."

दिवसकार्य संपवून आम्ही निघालो. परतीच्या गाडीत दुपारी मुलगी वरच्या बर्थवर झोपली होती. बायको माझ्यासमोर बसून संत्रं सोलत होती. मग म्हणाली, "त्यांना स्टेशनवर सोडायला गेले होते ना मी, तेव्हा एक सांगून गेले होते. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

"काय?"

"म्हणाले, माझं काही बरंवाईट झालं आणि उन्हाळा असला, तर त्याला आणू नका. एवढा प्रवास त्याला झेपायचा नाही. मागाहून कळवा."

मी म्हटलं, "आणि तू तर तार आल्याबरोबर ट्रंक काढलीस."

"हो," ती म्हणाली. "त्यांचं तेवढं एक ऐकलं नाही मी."

तिने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं आणि खिडकी लावायला उठली. बाहेर तापल्या वाऱ्याची लू सुरू झाली होती.